कोकणच्या वाऱ्याला शीड हवं

ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यालगत असलेल्या इथाका बेटावर किओनी नावाचं चिमुकलं बंदर आहे. डोंगरउतारावर घरं, खाली धक्का, धक्क्याला लागून खाणावळी आणि खाडीच्या तोंडाशी जुन्या पवनचक्क्यांचे बुरूज. उन्हाळ्यात दुपारचे चार वाजले की या धक्क्यावर गडबड सुरू होते. शिडाच्या बोटी एकामागून एक आत येतात, शीड गुंडाळतात, इंजिन चालू करतात आणि धक्क्याकडे पाठ करून उभ्या राहतात. तीस-चाळीस मीटर अलीकडे नाळेवरचा माणूस नांगर सोडतो. साखळी खडखडत खाली जाते. सुकाणूवरचा माणूस बोट हळूहळू मागे घेऊ लागतो, दोन्ही कडांना बांधलेले रबरी फुगे शेजारच्या बोटींना घासून कुरकुरतात, आणि मागच्या टोकाला उभी असलेली एखादी शाळकरी मुलगी दोराचं वेटोळं धक्क्यावर भिरकावते. पहिल्या फेकीत दोर पाण्यात पडतो. दुसऱ्या फेकीला शेजारच्या बोटीवरचा अनोळखी माणूस तो झेलतो, धक्क्यावरच्या लोखंडी कड्यातून ओवतो आणि परत तिच्या हातात देतो.

ही माणसं दर्यावर्दी नाहीत. कुणी शिक्षक आहे, कुणी परिचारिका, कुणी विमा कंपनीत कारकून. आठवड्या-दोन आठवड्यांची रजा काढून, बोट भाड्यानं घेऊन ती बेटाबेटांतून हिंडत असतात, आणि एकटी नव्हे तर ताफ्यानं. हा ताफ्यानं हिंडण्याचा प्रकार महाराष्ट्रानं नीट पाहावा. कारण समुद्र सामान्य माणसाच्या हाती कसा येतो, याचं इतकं साधं उदाहरण दुसरं नाही.

शिडाच्या बोटीचं जग एरवी दोन टोकांवर वसलेलं दिसतं. एका टोकाला एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे वीर, दुसऱ्या टोकाला धनिकांच्या खासगी बोटी. मधली जागा बराच काळ रिकामी होती. 1970 च्या दशकात ब्रिटिश कंपन्यांनी ग्रीसच्या पाण्यात ताफ्याची पद्धत रुजवली आणि ती जागा भरली. तीस ते चाळीस फुटांच्या दहा-बारा सारख्या बोटी, प्रत्येकीवर एखादं कुटुंब किंवा मित्रमंडळी, आणि त्यांच्याबरोबर एक म्होरकी बोट. म्होरक्या बोटीवर साधारण तिघं असतात: एक कप्तान, एक मेकॅनिक आणि पाहुण्यांची, संध्याकाळच्या व्यवस्थेची काळजी वाहणारी तिसरी व्यक्ती.

रोज सकाळी न्याहारीनंतर धक्क्यावर सगळे जमतात. कप्तान नकाशा उघडतो. आज वारा कुठून आणि किती, कुठल्या खडकापासून लांब राहायचं, दुपारी पोहायला कुठली खाडी बरी, संध्याकाळी कुठल्या बंदरात भेटायचं, हे सांगून तो मोकळा होतो. नंतर ज्यानं त्यानं आपल्या बोटीनं, आपल्या वेगानं जायचं. दिवसभर म्होरकी बोट रेडिओवर ऐकत असते. कुणाच्या पंख्यात दोर अडकला, कुणाचं इंजिन तापलं की मेकॅनिक येऊन पोचतो. संध्याकाळी म्होरकी बोट सगळ्यांच्या आधी बंदरात शिरते आणि येणाऱ्या प्रत्येकाचा दोर घ्यायला तिची माणसं धक्क्यावर उभी राहतात. ही बोट कुणाला ओढून नेत नाही आणि वाऱ्यावर सोडूनही देत नाही. नवशिक्याला नेमकं एवढंच लागतं.

कायद्याची ढिलाई म्हणून हे जमतं, असंही नाही. ग्रीसमध्ये बोट चालकाशिवाय भाड्यानं घ्यायची तर एकाकडे रीतसर परवाना लागतो आणि बोट चालवण्याचा अनुभव असलेला आणखी एक जण बरोबर असावा लागतो. परवान्याची अट आहे, पण ती पुरी करण्याचा रस्ताही आखून दिलेला आहे. थोड्या दिवसांच्या शिक्षणानंतर ताफ्यात सामील व्हायचं आणि उरलेलं पाण्यावर शिकायचं.

ताफ्यासाठी आयोनियन समुद्रच का निवडला गेला, हे तिथला नकाशा पाहिल्यावर कळतं. लेफ्कादा, मेगानिसी, कालामोस, कास्तोस, इथाका, केफालोनिया ही बेटं एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात आहेत. एकीकडे मुख्य भूमी, दुसरीकडे लेफ्कादा. मधलं पाणी तळ्यासारखं राखलेलं. बहुतेक मुक्काम दहा-वीस सागरी मैलांच्या आतले. उन्हाळ्यात सकाळी वारा जवळजवळ नसतो. दुपार चढते तसा वायव्येकडून ‘माइस्ट्रो’ वाहू लागतो, तीन-चार वाजता ऐन भरात येतो आणि सूर्य कलला की पडतो. तिकडे पूर्वेला एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये ‘मेल्तेमी’ नावाचा उत्तरेचा वारा दिवसचे दिवस दणकून वाहतो. तिथे सहसा नवशिक्यांना पाठवत नाहीत. म्हणजे जागा निवडतानाच निम्मी सुरक्षितता साधलेली असते.

या पाण्यात पहिल्याच दिवशी एक गोष्ट अंगात भिनते. शिडाची बोट वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण 45 अंशांचा कोन ठेवून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं वळत वळत तिला पुढं सरकावं लागतं. समोर दिसणारं बेट, इंजिनानं गेलं तर तासाभराचं, पण शिडावर अडीच तास लागतात. दर वळणाला एकानं सुकाणू फिरवायचं, दुसऱ्यानं एका बाजूचा दोर सैल सोडायचा, तिसऱ्यानं दुसऱ्या बाजूचा ओढून घट्ट करायचा. क्षणभर उशीर झाला की शीड फडफडतं आणि बोट जागीच थांबते. घरात एकमेकांशी धड न बोलणारे बाप-लेक इथे दर वीस मिनिटांनी एकमेकांच्या इशाऱ्याकडे लक्ष ठेवून असतात, कारण ठेवावंच लागतं. एकत्र शीड हाकण्याचं हे शिक्षण कुठल्या वर्गात मिळत नाही.

बेटांच्या मुक्कामांना इतिहासाची जोड आहेच. इथाका हे होमरच्या महाकाव्यातल्या ओडिसियसचं घर. केफालोनियाच्या उत्तर टोकाचं फिस्कार्दो हे गाव 1953 च्या ऑगस्टमधल्या भूकंपातून वाचलं. बेटावरची बाकी बहुतेक गावं तेव्हा जमीनदोस्त झाली, म्हणून व्हेनिसच्या अमदानीच्या धाटणीची जुनी घरं पाहायची तर तिथेच जावं लागतं. पण खरी मजा संध्याकाळची. बारा बोटींची माणसं एका लांब टेबलाभोवती बसतात आणि दिवसभराच्या गोष्टी सुरू होतात. कुणाचा नांगर दुसऱ्याच्या साखळीवर पडला, कुणी वळताना टोपी गमावली, कुणाला डॉल्फिन दिसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच अडकलेल्या साखळ्या सोडवायला दोन बोटींची माणसं मिळून खटपट करतात: एकानं आपला नांगर वर घ्यायचा, त्याच्यासोबत आलेल्या परक्या साखळीखालून दोर घालून ती तोलून धरायची, नांगर खाली सोडून मोकळा करायचा आणि मग दोर सोडून द्यायचा. असं दोन वेळा झालं की अनोळखी माणसं आयुष्यभराचे स्नेही होतात.

या सगळ्याला पैसा किती लागतो, त्याहून तो जातो कुठे हे पाहायला हवं. क्रूझ जहाजावरचा प्रवासी जहाजावरच झोपतो, जहाजावरच जेवतो आणि चार तासांसाठी बंदरात उतरतो. शिडाच्या बोटीवर मात्र पाण्याची टाकी छोटी, शीतपेटी त्याहून छोटी. रोज कुठंतरी लागून पाणी, बर्फ, टोमॅटो, पाव घ्यावाच लागतो. त्या पाण्यात कितीतरी खाणावळवाल्यांनी स्वतःच लहान लाकडी धक्के बांधले आहेत. रात्रभर बोट बांधायची, नळाचं पाणी घ्यायचं, आणि मोबदला म्हणून जेवायला त्यांच्याकडे बसायचं, एवढाच व्यवहार. कास्तोससारख्या, फारशी वस्ती नसलेल्या बेटावरचा मासेमार आणि त्याची बायको या व्यवहारावर उन्हाळा काढतात. इतक्या लहान बेटांपर्यंत पोचणारं पर्यटन फार थोडं आहे.

तोटे नाहीत असं कुणी म्हणू नये. ऑगस्टमध्ये या बंदरांत दुपारी दोननंतर जागा मिळणं कठीण होतं. भूमध्य समुद्राच्या तळाशी पोसिडोनिया नावाच्या सागरी गवताची कुरणं आहेत. ती माशांच्या पिलांना आसरा देतात, वाळू धरून ठेवतात आणि वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर पसरतात. एक नांगर ओढला गेला की वर्षानुवर्षांची वाढ उपटून येते. स्पेनच्या बालेआरिक बेटांनी 2018 मध्ये या गवतावर नांगर टाकायलाच बंदी घातली. बोटी फार वाढल्यावर त्यांना जाग आली. ज्यांना आता सुरुवात करायची आहे, त्यांनी ही गोष्ट पहिल्या दिवशीच लक्षात ठेवावी.

सुरुवात कोकणानं करायला हवी.

नकाशा घेऊन बसलं की हा आग्रह हवेतला नाही हे दिसतं. मुंबई बंदरातून निघून दक्षिणेला पहिली खांदेरी, थळच्या समोर. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे बांधकाम सुरू केलं आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. तिथून मुरूडचा जंजिरा सुमारे पंचवीस सागरी मैलांवर. जंजिऱ्याहून हर्णैचा सुवर्णदुर्ग तीसच्या आत. पुढे जयगड तीसेक, रत्नागिरी अठरा-वीस, विजयदुर्ग पंचवीस-सव्वीस, देवगड दहा-बारा आणि मालवणचा सिंधुदुर्ग वीस. ताशी पाच सागरी मैलांनी चालणाऱ्या बोटीला यातला कुठलाही टप्पा एका दिवसाचा आहे. सकाळी निघावं आणि उजेड असताना पोचावं. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तीन भर पाण्यात आहेत, आणि विजयदुर्ग समुद्राच्या काठावर. चारही एका जलमार्गावर ओवलेले. पर्यटक मात्र मोटारीनं घाट उतरतो, किल्ला पाहतो, पुन्हा घाट चढतो आणि पुढच्या किल्ल्यासाठी परत खाली येतो.

वाऱ्याचं म्हणाल तर शाळेच्या भूगोलात शिकवलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे रोज भेटतात. पावसाळ्यानंतर, विशेषतः डिसेंबरपासून, पहाटे जमिनीकडून मतलई येतो, दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो. दक्षिणेला जाणाऱ्या बोटीला दोन्ही सोयीचे. याच वाऱ्यांवर गलबतं मीठ, कौलं, नारळ वाहत होती. आंग्र्यांच्या आरमारातही वारा पडला की वल्ह्यांवर चालणारी गलबतं जड गुराबांना ओढून नेत. एकमेकांच्या आधारानं समुद्रावर जाणं या किनाऱ्याला शिकवायची गरज नाही.

आणि बोटी बांधायचं म्हणावं, तर गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ घडल्या. 56 फुटी ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली, असं करणारे ते पहिले भारतीय. त्याच बोटीनं अभिलाष टॉमी 2012-13 मध्ये कुठेही न थांबता फिरून आले. ‘तारिणी’वरून नौदलाच्या सहा महिला अधिकारी 2017-18 मध्ये गोव्याहून निघून गोव्याला परतल्या. अभिमान वाटावा अशीच ही कामगिरी आहे. पण दोंदे ज्या किनाऱ्यावरून निघाले, त्या किनाऱ्यावरच्या शिक्षकाला किंवा बँकेतल्या मुलीला आठवड्याची रजा काढून शिडाच्या बोटीनं मालवणला जायचं असेल तर वाट नाही. वीर निपजले, प्रवासी निपजले नाहीत.

का, याची कारणं खरी आहेत. 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, शेकडो माणसं गेली. कोकणातल्या कितीतरी घरांनी तो धसका पिढ्यान्‌पिढ्या जपला. नोव्हेंबर 2008 मध्ये अतिरेकी समुद्रमार्गे मुंबईत उतरले, तेव्हापासून प्रत्येक लहान बोटीकडे संशयानं पाहिलं जातं, आणि ते समजण्यासारखं आहे. आयोनियन समुद्रात भरती-ओहोटीचा फरक वीतभर. मुंबईत उधाणाला तो चार-साडेचार मीटरच्या घरात जातो. किओनीसारखं धक्क्याला पाठ लावून बोट बांधली तर सहा तासांत ती दोरांना लटकेल. कोकणातल्या अनेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत, भरतीवाचून आत शिरता येत नाही. किनाऱ्यालगत जाळी पसरलेली असतात, रात्री ती दिसत नाहीत आणि सुकाणूत अडकली की मासेमाराचंही नुकसान, बोटीचंही.

पण यातल्या एकेका अडचणीला ताफा हेच उत्तर आहे. सुरक्षेचंच पाहा. पाच बोटी पाच दिशांना भटकण्यापेक्षा, एका म्होरक्या बोटीच्या जबाबदारीवर, प्रत्येकीवर स्वतःचं ठिकाण आपोआप कळवणारं यंत्र बसवलेल्या, रोज संध्याकाळी तटरक्षक दलाला आणि सागरी पोलिसांना माणसांची मोजदाद देणाऱ्या पाच बोटी कितीतरी सोप्या. जाळी आणि वाळूचे दांडे यांच्यासाठी म्होरक्या बोटीवर त्याच पट्ट्यातला तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख नावाडी, हवा. हर्णैच्या पाण्यात हर्णैचा, मालवणच्या पाण्यात मालवणचा. कुठल्या महिन्यात डोल जाळी कुठे असतात हे त्याला ठाऊक असतं, छापील नकाशाला नसतं. त्याला या कामाचे रीतसर पैसे मिळावेत.

बांधकामाचा खर्च ऐकून सरकारी माणसांनी दचकू नये. आलिशान मरिना नको आहेत. प्रत्येक मुक्कामाला भरतीबरोबर वर-खाली होणारा एक तरंगता धक्का आणि तळाशी पक्के रोवलेले पाच-सहा बोये पुरतात. नांगराऐवजी बोये हवेतच, कारण मालवणच्या पाण्यात प्रवाळ आहेत आणि तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. स्पेनला उशिरा सुचलेलं शहाणपण इथे आधी वापरता येईल. बोयांची देखभाल आणि रात्रीच्या भाड्याची वसुली गावच्या मच्छीमार सोसायटीकडे द्यावी. हे पर्यटन कोळीवाड्याच्या डोक्यावरून गेलं तर कोळीवाडा त्याला विरोध करील, आणि तो विरोध रास्त असेल.

आणखी एक गोष्ट पैशाविना होण्यासारखी आहे. न्यूझीलंडचे रॉड हायकेल 1970 च्या दशकात भूमध्य समुद्रात आले, ग्रीसमध्ये ताफ्यांवर काम केलं, आणि बंदरामागून बंदर पालथं घालून त्यांनी ‘ग्रीक वॉटर्स पायलट’ हे मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. खोली किती, आत शिरताना काय डाव्या हाताला ठेवायचं, कुठल्या वाऱ्यात कुठलं बंदर धोक्याचं, पाणी कुठे भरायचं, हे त्यात एकेका बंदराच्या रेखाटनासह आहे. लहान बोटीवाल्यासाठी कोकणच्या खाड्यांचं असं पुस्तक मराठीत लिहिलं जायला हवं. माहिती जिवंत आहे, पण म्हाताऱ्या तांडेलांच्या डोक्यात. दाभोळच्या, जयगडच्या, विजयदुर्गच्या वयोवृद्धांशी बसून ती टिपून घेण्याचं काम एखाद्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाला दोन हंगामांत करता येईल. उशीर झाला तर सांगणारे उरणार नाहीत.

हंगामाबद्दल शिस्त हवी. जून ते सप्टेंबर शिडाच्या सहलीचं नावही काढू नये. 2021 चं तौक्ते चक्रीवादळ मे महिन्यात आलं, 2020 चं निसर्ग जूनच्या सुरुवातीलाच रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, 2019 चं क्यार ऑक्टोबरात घोंघावत गेलं. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचे साडेचार महिने ताफ्याचे. आयोनियन समुद्राच्या हंगामाहून ते फार कमी नाहीत, आणि युरोप तेव्हा थंडीनं गारठलेला असतो.

ताफ्याची कल्पना किती लांब ताणता येते, याचं उदाहरण अटलांटिकवर आहे. जिमी कॉर्नेल यांनी 1986 मध्ये कॅनरी बेटांवरून कॅरिबियनकडे एकत्र निघणाऱ्या बोटींची मोहीम सुरू केली. पहिल्याच वर्षी दोनशेहून अधिक बोटी आल्या. सुमारे 2,700 सागरी मैलांचं अंतर. एकट्यानं जायला बिचकणारी कुटुंबं सोबत आहे म्हणून निघाली. आजही दर नोव्हेंबरात ती मोहीम निघते. खांदेरी ते सिंधुदुर्ग हे अंतर त्याच्या पंधराव्या हिश्श्याएवढंही नाही, आणि बहुतेक वाट किनारा नजरेआड होत नाही.

शिडाचं समुद्राशी असलेलं नातं महाराष्ट्रात अगदी तुटलेलं नाही. मुरूडजवळ राजापुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला माणसं नेणाऱ्या होड्या अजून शिडावर चालतात. परबाणाला, म्हणजे शिडाच्या काठीला, बांधलेलं तिकोनी शीड, एका पायानं सुकाणू दाबून धरणारा तांडेल, आणि होडी कलली की किंचाळणारे पर्यटक. एवढ्याशा वाटेत तो तांडेल शीड फिरवतो, वारा पकडतो, किल्ल्याच्या दरवाजाशी लाटेचा अंदाज घेऊन होडी लावतो. ज्यांना ग्रीसमध्ये कप्तान म्हणतात, त्यांच्याहून त्याचं कसब तसूभर कमी नाही. त्याच्या मुलाला प्रशिक्षण आणि परवाना देऊन म्होरक्या बोटीवर बसवणं हा रोजगार आहे, आणि तो त्याला मुंबईच्या गोदीत किंवा आखाती देशात शोधावा लागणार नाही.

महाराष्ट्र सागरी मंडळानं एका हंगामापुरता प्रयोग करावा. पाच बोटी, एक म्होरकी बोट, खांदेरी ते मालवण आठ मुक्काम, प्रत्येक मुक्कामाला सहा बोये, आणि स्थानिक तांडेल. परवानगीचा अर्ज एकाच खिडकीवर घ्यावा आणि पंधरा दिवसांत निकाल द्यावा. वाचकांपैकी कुणी या हिवाळ्यात जंजिऱ्याला जाणार असेल, तर त्यानं राजापुरीहून शिडाच्या होडीनंच जावं, मुलांना तांडेलाशेजारी बसवावं आणि वारा कसा ओळखतात ते त्यालाच विचारू द्यावं.